कोंबड्या कुठे ठेवायच्या?

मागच्या भागात आपण विहिरी आणि बारवांचा इतिहास ऐकला. आज घराची गोष्ट आहे, आणि घराबरोबर चुलीचीही. गोष्ट आपल्या गावची नाही, शेजारच्या देशातली आहे. पण ऐकताना तुम्हाला ती फार लांबची वाटणार नाही.

घर बांधतो गवंडी. पण दार कोणत्या तोंडाला, चूल कुठे, मोरी कुठे, हे त्याच्या आधी कागदावर कोणीतरी ठरवतं. त्याला आर्किटेक्ट म्हणतात. आपल्या गावाकडे घर बांधताना असा माणूस सहसा येतच नाही. सरकारी घरकुलाचा नकाशा तयार असतो, नाहीतर गवंडीच काठीने जमिनीवर रेघा ओढतो. दोन्ही वेळा घरातली बाई चहा करायला आत गेलेली असते. नंतर तीस-चाळीस वर्षं त्या घरात सगळ्यात जास्त वेळ राहते मात्र तीच.

आजची गोष्ट यास्मिन लारी यांची. पाकिस्तानातल्या त्या पहिल्या महिला आर्किटेक्ट. 1941 साली डेरा गाझी खान इथे त्यांचा जन्म झाला, तेव्हा फाळणी झालेली नव्हती. वडील मोठे सरकारी अधिकारी, त्यामुळे घरात शिक्षण होतं, पैसा होता. पंधराव्या वर्षी भावंडांबरोबर त्या लंडनला गेल्या आणि तिथेच शाळेत राहिल्या. आर्किटेक्ट व्हायचं ठरवलं, तर कॉलेजं म्हणाली, तुम्हाला चित्र काढता येत नाही. मग दोन वर्षं त्यांनी चित्रकला शिकून घेतली आणि ऑक्सफर्डच्या आर्किटेक्चर शाळेत प्रवेश मिळवला. 1964 साली शिक्षण संपवून त्या कराचीला परतल्या आणि स्वतःचं ऑफिस उघडलं. वय तेवीस. बांधकामावरचे लोक या पोरसवदा बाईचं ऐकायला तयार नसत, तिला काही कळतं का याची परीक्षा बघत. ते काय असतं हे आपल्यातल्या ज्या मैत्रिणी सरपंच झाल्या किंवा रोजगार हमीच्या कामावर मुकादम झाल्या, त्यांना मी सांगायला नको.

पुढची छत्तीस वर्षं लारीबाईंनी शहरात मोठमोठी कामं केली. कराचीचं ताज महाल हॉटेल, फायनान्स अँड ट्रेड सेंटर, पाकिस्तान स्टेट ऑइलची काचांनी आणि गुळगुळीत दगडांनी चमकणारी इमारत. सिमेंट, लोखंड, काच. ही कामं मी भराभर सांगून टाकते, कारण आपल्या कामाची गोष्ट मधेच, 1973 च्या सुमाराला, लाहोरमध्ये घडली.

तेव्हा तिथल्या सरकारने गरिबांसाठी घरं बांधायची ठरवली. वस्तीचं नाव अंगूरी बाग. काम लारीबाईंकडे आलं. त्या झोपडपट्टीत जाऊन बायकांशी बोलत बसल्या. बायका म्हणाल्या, घर देताय ते ठीक आहे, पण आमच्या कोंबड्या कुठे ठेवायच्या?

हसू येतं ना? पण प्रश्न खरा आहे. चार कोंबड्या म्हणजे बाईच्या हातातली चिल्लर. अंडी विकली की पोराची वही येते, आणि पाहुणा आला तर सोय होते. ते पैसे नवऱ्याला मागावे लागत नाहीत. फ्लॅटमध्ये नेऊन बसवलं की डोक्यावर छप्पर येतं, पण खुराड्याची जागा जाते, आणि तिच्याबरोबर ते स्वतःचे पैसेही जातात. नकाशा काढणाऱ्या साहेबाच्या हे ध्यानातही येत नाही. त्याच्या घरी अंडी दुकानातून येतात.

लारीबाईंनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. लाहोरच्या जुन्या तटबंदीच्या शहरात घरं एकमेकांना खेटून असतात, पण प्रत्येक घराला उघडी गच्ची असते. तिथे बायका बसतात, वाळवणं घालतात, पोरं खेळतात. तसंच त्यांनी अंगूरी बागेत केलं. साध्या विटांची घरं, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली, आणि उघड्या आभाळाखाली गच्च्या. तिथे कोंबड्या राहतील, चार भाज्या लावता येतील, पोरं रस्त्यावर न जाता खेळतील. बाईमाणसाला बाहेरच्यांच्या नजरेआड मोकळी हवा मिळेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढं शहाणपण आल्यावर त्यांनी पुढेही हेच काम केलं असेल. तसं झालं नाही. बँका, कंपन्या आणि हॉटेलवाले येत राहिले, काम मिळत राहिलं. 2000 साली त्यांनी ऑफिस बंद केलं, ते जुन्या इमारती जपण्याच्या कामासाठी. 1980 पासूनच त्या आणि त्यांचे पती, इतिहासकार सुहैल झहीर लारी, मिळून 'हेरिटेज फाउंडेशन ऑफ पाकिस्तान' नावाची संस्था चालवत होते. जुन्या वास्तूंच्या भिंती खरवडून बघताना लारीबाईंना एक जिन्नस पुन्हा पुन्हा भेटला. तो म्हणजे चुना. चारशे-पाचशे वर्षांच्या इमारती चुन्यात उभ्या होत्या. आपल्याकडेही जुने वाडे आणि किल्ल्यांचे बुरूज चुन्यातच आहेत. काही किल्ल्यांवर चुना मळायचा घाणा अजून दिसतो, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. हा चुना लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

8 ऑक्टोबर 2005 रोजी सकाळी काश्मीर आणि पाकिस्तानच्या उत्तर डोंगराळ भागात मोठा भूकंप झाला. सत्तर हजारांहून जास्त माणसं गेली. लाखो बेघर झाली, आणि थंडी तोंडावर होती. चौसष्ट वर्षांच्या लारीबाई डोंगरात गेल्या. आपत्तीत काम करायचा त्यांना काहीच अनुभव नव्हता. तिथे मदतीला आलेल्या मोठ्या संस्था सांगत होत्या की घरं सिमेंट-काँक्रीटचीच बांधा. पण डोंगरात सिमेंट चढवायचं कसं आणि ते परवडणार कोणाला? आणि समोर पडलेला दगड, लाकूड, माती यांचं काय करायचं? लारीबाई म्हणाल्या, हेच वापरू. पडलेल्या घरातलंच सामान घ्यायचं, त्याला चुन्याची जोड द्यायची आणि घर ज्याचं त्याने हाताने उभं करायचं.

लातूर-धाराशिवच्या मैत्रिणींनी इथे नक्कीच कान टवकारले असतील. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जडच्या जड माळवद, ते झोपलेल्या माणसांवर आलं. तेव्हापासून माती म्हटलं की आपल्याकडे मनात भीती बसली, आणि ती उगाच नाही. म्हणून लारीबाई मातीची घरं बांधतात हे वाचलं तेव्हा माझ्याही मनात आलं, हे कसलं शहाणपण?

तर त्यांचं उत्तर असं आहे. दोष मातीचा कमी, जडपणाचा आणि सुट्या बांधणीचा जास्त. लाकडी मांडणी डुगडुगायला लागली की आपण काय करतो? मागून एक तिरपी पट्टी ठोकतो. दोन ठोकल्या, एकमेकींना छेद देणाऱ्या, की मांडणी हलायची थांबते. काश्मीरच्या डोंगरात जुन्या काळापासून अशीच भिंत बांधतात. लाकडाची चौकट, तिच्यात तिरक्या पट्ट्या, आणि मधल्या खणांत दगडमाती. तिला 'धज्जी दिवारी' म्हणतात, म्हणजे तुकड्यातुकड्यांची, आपल्या गोधडीसारखी भिंत. भूकंपात ती हलते, कुरकुरते, पण अंगावर सहसा कोसळत नाही. 2005 मध्ये अशी कितीतरी घरं उभी राहिली होती. पुढे सपाट मुलखात लाकूड मिळेना, तेव्हा लारीबाईंनी तीच तिरपी बांधणी बांबूत केली, कुडाला माती आणि चुन्याचा गिलावा दिला आणि वर हलकं छप्पर घातलं. कराचीच्या एनईडी विद्यापीठात या बांधणीला यंत्रावर भूकंपासारखे हादरे देऊन बघितलं, ती टिकली. (हे एनईडी म्हणजे सिंध जेव्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हाचं, 1920 च्या दशकातलं इंजिनिअरिंग कॉलेज. सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं होतं. म्हणजे नातं अगदीच परकं नाही.)

किल्लारीनंतर आपल्याकडे नवी गावं वसली. पक्की घरं मिळाली आणि जीव सुरक्षित झाला. ती गोष्ट मोठीच होती, तिला कमी लेखायचं कारण नाही. पण सरळ रेघांतले रुंद रस्ते, भावकीची घरं लांब लांब, गुरांना जागा नाही, अशा तक्रारीही लोकांनी वर्षानुवर्षं केल्या. तिथे कोंबड्यांचा प्रश्न कोणी विचारला होता का, ते तिथल्या मैत्रिणींनी आपल्याला लिहून कळवावं.

2010 मध्ये सिंधू नदीला महापूर आला. पाकिस्तानात सुमारे 2 कोटी लोकांना त्याचा फटका बसला. लारीबाई आता डोंगरातून सिंधच्या सपाट, खाऱ्या मुलखात आल्या. पुरात मातीची घरं विरघळली होती. इथे चुना कामाला आला. मातीत चुना नीट मुरवला की ती पाण्यात सहज विरघळत नाही. त्यांनी खैरपूर भागात बायकांसाठी एक बांबूचं केंद्र बांधलं, खांबांवर उचललेलं, दोन मजली. एरवी तिथे बसून बायका शिवण-टिपण करतील, बैठका घेतील. पूर आला तर पोरांना आणि किडूकमिडूक घेऊन वर चढतील, खालून पाणी निघून जाईल. आपल्या गावात समाजमंदिर असतं, तालीम असते, पारही असतो. बायकांची अशी हक्काची जागा किती गावांत आहे, मोजून बघा.

आणि आता चूल.

सिंधच्या खेड्यांत बायका जमिनीवर तीन दगड मांडून रांधत होत्या. धूर डोळ्यांत आणि छातीत जायचा, रांगतं पोर जाळाजवळ, कुत्री-शेळ्या पिठात तोंड घालायच्या. पाऊस झाला की चूल ओली, पूर आला की चूलच नाही. लारीबाईंचं म्हणणं असं की बाई दिवसाचे कितीतरी तास जिथे बसते ती जागा घरातली सगळ्यात हलकी, सगळ्यात घाण ठेवायची आणि मग तिच्या मानाच्या गोष्टी करायच्या, याला अर्थ नाही. म्हणून त्यांनी चुलीला जोतं दिलं.

2014 च्या सुमाराला त्यांनी ही चूल लोकांपुढे आणली. आधी जमिनीपासून उंच मातीचा ओटा, पुराचं पाणी लवकर पोचणार नाही असा. त्यावर दोन भांडी बसतील अशी चूल. आपल्या भाषेत चूल आणि वैल. मागे धुराडं, म्हणजे धूर वर निघून जातो. शेजारी बसायला आणि भांडी ठेवायला जागा, हात धुवायची सोय. जळण म्हणून काटक्या, शेतातला पालापाचोळा, गोवऱ्या, आणि तेही आधीपेक्षा कमी लागतं. सामान म्हणजे माती आणि चुना. विकत आणायचं जवळजवळ काहीच नाही.

यात मला आवडलेली गोष्ट मात्र चुलीच्या आकारात नाही. मोफत चुली वाटायच्या नाहीत असं त्यांनी ठरवलं. गावातल्याच एखाद्या बाईला, कधी नवरा-बायको दोघांना, चूल घालायला शिकवायचं. मग ती शेजारच्या गावांत फिरते, बायकांना त्यांची त्यांची चूल घालून देते, म्हणजे घालायला शिकवते, आणि त्याची थोडी मजुरी घेते. माती कालवणारी घरधनीण, अंदाज सांगणारी ही. सिंधीत बहिणीला 'अदी' म्हणतात, म्हणून या बायकांना 'चुल्हा-अदी' नाव पडलं. ज्यांच्या हाती कधी स्वतःची कमाई नव्हती त्या बायका गावोगाव चुली घालत हिंडू लागल्या. बघता बघता चुलींची संख्या 40,000 च्या घरात गेली आणि 2018 साली या कामाला वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे हे झालं नाही का? झालं. 1980 च्या दशकात सरकारने सुधारित चुलींची मोठी मोहीम काढली होती. चाळिशी-पन्नाशीपुढच्या मैत्रिणींना त्या निर्धूर चुली आठवत असतील. पुष्कळ ठिकाणी त्या वर्ष-दोन वर्षांत कोपऱ्यात गेल्या. कुठे आपला तवा त्या भोकावर बसेना, कुठे धुराडं काजळीने तुंबलं आणि ते साफ कसं करायचं हे सांगणारं कोणी गावात उरलं नव्हतं. चूल अनुदानातून आली होती. मोडली तेव्हा ती पुन्हा घालता येणारे हात गावात नव्हते. आज गॅस आला आहे, चांगलंच झालं. पण सिलिंडरची किंमत बघून अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून किती घरांत चुलीवरच होते, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

सिंधच्या चुलींचं आणखी एक सांगते. ओटा झाला, चूल झाली, की प्रत्येक बाई तो आपल्या मनाने सजवते. कोणी मातीची नक्षी उठवते, कोणी रंगाने फुलं काढते, कोणी पक्षी. सांगितलेलं नसताना. आपण सारवल्यावर चुलीपुढे दोन बोटं रांगोळी ओढतो, तसंच. दोन चुली एकसारख्या सापडणं अवघड. कोणत्याही आर्किटेक्टला हे कागदावर काढता आलं नसतं. लारीबाईंचं शहाणपण हे की त्यांनी तेवढी जागा मोकळी सोडली.

त्या स्वतः म्हणतात की उरलेली वर्षं म्हणजे आधीच्या काच-सिमेंटच्या इमारतींचं प्रायश्चित्त आहे. मला हे थोडं जास्तीचं वाटतं. ती मोठी कामं केली नसती तर त्यांचं नाव झालं नसतं, आणि नाव नसतं तर मातीच्या घरांबद्दल त्यांचं कोणी ऐकलं असतं का? आपल्या आजी मातीचीच घरं सारवत आल्या, त्यांना कोणी विचारायला गेलं नाही. हेही मनात ठेवून त्यांच्याकडे बघायला हवं.

आणि त्यांचं सगळं जसंच्या तसं आपल्याकडे चालेल असंही नाही. बांबूला कीड लागते, त्यावर आधी प्रक्रिया करावी लागते. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथे पाया वेगळा लागतो. कोकणातला पाऊस आणि सोलापूरचं ऊन यांना एकच छप्पर पुरणार नाही. चुना मुरवण्याची कला तर आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गवंड्यांकडे उरली आहे.

सिंधमध्ये ठट्टा शहराजवळ मकली नावाची टेकडी आहे. तिथे मैलोनमैल पसरलेल्या जुन्या कबरी आणि मकबरे आहेत, जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव आहे. त्या कबरींच्या आसऱ्याने भीक मागून जगणाऱ्या लोकांची वस्ती होती. लारीबाईंनी तिथेच आपलं केंद्र उभारलं, संपूर्ण बांबूचं, भलं मोठं. भीक मागणाऱ्या बायकांना आणि पुरुषांना त्यांनी निळ्या-पांढऱ्या झिलईच्या मातीच्या फरशा करायला शिकवलं. जुन्या मकबऱ्यांवर असतात त्याच फरशा. कराचीत एका जुन्या रस्त्याचं सिमेंट-डांबर काढून त्यांनी चालणाऱ्यांसाठी मातीच्या विटांचा रस्ता केला, पावसाचं पाणी जमिनीत मुरेल असा. त्याच्या फरशा मकलीच्या याच लोकांनी घडवल्या.

2022 मध्ये पुन्हा पूर आला, आधीपेक्षाही मोठा. सव्वातीन कोटींच्या वर लोकांना त्याने गाठलं. लारीबाई तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी बांबूच्या तयार चौकटी जोडून आठ बाजूंची लहान घरं उभी करायला घेतली. चार माणसांना थोड्याच वेळात उभं करता येईल, मग सवडीने त्यावर चटई आणि माती-चुन्याचा गिलावा चढवता येईल, असं घर. कसं बांधायचं याचे व्हिडिओ करून त्यांनी ते सगळ्यांना खुले केले. 2023 साली ब्रिटनच्या आर्किटेक्ट लोकांच्या संस्थेने त्यांना सर्वांत मोठं, सुवर्णपदक दिलं. आदल्याच वर्षी, 2022 साली, ते आपल्या पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना मिळालं होतं. इंदूरला गरिबांसाठी अरण्य नावाची वस्ती त्यांनी आखली होती. घराचं जोतं, संडास-मोरी तयार करून द्यायची आणि बाकीचं घर लोकांनी ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचं, अशी. त्यांची गोष्ट मोठी आहे, ती आपण पुढच्या भागात घेऊ.

तोपर्यंत एक काम. ज्यांचं घरकुल यंदा मंजूर झालं आहे त्यांनी आपला ओटा, मोरी, जळण, पाण्याची भांडी आणि खुराडं कुठे हवं ते काडीने अंगणात आखून बघावं, पाया खणायच्या आधी. मापं टाकांत नको, आपल्या हाताने आणि पावलाने घ्या. आखलेलं गटाच्या वहीत उतरवा आणि केंद्रावर पाठवा. दोशींच्या भागात आपण त्यातलीच काही वाचून दाखवू.